शिल्लक तांदूळ

"मग हा तांदूळ मिळणार तरी कधी म्हणतोस?" सोमगीर महाराजांनी विचारलं.

"मार्चअखेर, महाराज! वर्ष सरलं की गोदामात उरेल तेवढा सगळा मठाच्या अन्नछत्राला. सरकारचा हुकूमच आलाय, शिल्लक धान्य भुकेल्यांच्या पोटात जायला पाहिजे."

श्रीरंग घोलप तालुक्याच्या सरकारी गोदामाचा गोदामपाल. याच मठात जेवून, महाराजांच्या हाताखाली शिकून मोठा झालेला. आज ही बातमी आपण आणली म्हणून स्वारी सकाळपासून हवेत होती.

"आणि आत्ता किती आहे?"

"पोती छताला टेकलीत. पोरकिडेसुद्धा पडायला लागलेत."

"मग आत्ताच सोड की रे."

श्रीरंग चुळबुळला.

"शिल्लक कधी ठरवायची ते आहे माझ्याच हातात. पण उद्या अचानक मागणी आली तर? ठपका माझ्यावर... आधी गोदामाचं बघावं लागतं, महाराज."

"बरोबर आहे बाबा," महाराज म्हणाले. "चल, जेवून घे. वाळलायस किती!"

श्रीरंगाच्या सुटलेल्या पोटाकडे बघून वाढपी हसले. श्रीरंगही हसला.

वीटभट्ट्या बंद पडल्यापासून मठात रोज सव्वाशे पानं उठत होती. रांजणात कसाबसा दोन दिवसांचा तांदूळ होता. हे श्रीरंगाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि भट्टीवरच्या लेकुरवाळ्या बायांच्या मांडीला मांडी लावून बसणं वेगळं.

भात वाढला गेला. पहिला घास उचलताना श्रीरंग एकदम थांबला.

"महाराज, नैवेद्य राहिला!"

"राहू दे. जेव तू."

"पण आमच्या वेळी आधी नैवेद्य, मग पंगत..."

"तेव्हा रांजण भरलेला असायचा, लेकरा."

पंगत उठत आली तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राहिली. लांबून चालत आली होती बिचारी. महाराजांनी हंड्यात हात घालून होता नव्हता तो भात तिच्या पानावर वाढला.

मग उलथन्यानं हंड्याचा तळ खरवडला. करपलेली मूठभर खरवड निघाली. ती त्यांनी ताटलीत घेतली, वर बेलाचं पान ठेवलं आणि महादेवापुढे ठेवून शांतपणे हात जोडले.

आपण पोटभर जेवलो याचीच श्रीरंगाला लाज वाटली.

"देवाला... खरवड?"

महाराज त्याच्याजवळ येऊन बसले. त्याच्या हनुवटीला चिकटलेलं शीत त्यांनी लहान मुलाचं पुसावं तसं उपरण्यानं पुसलं.

"देवाचं भागतं रे तेवढ्यावर. तुझ्या गोदामाचं नाही भागायचं?"