प्रभंजनची हलकी बॅग

शप्पथ, हे खरं घडलंय. म्हणजे मी तिथे नव्हतो. पण ज्याने सांगितलं तो खोटं बोलताना हसतो, आणि हे सांगताना तो हसला नव्हता. निदान फारसा नाही.

"…पण बुवा, अजून हलकं कसं करू?"

विचारणारा प्रभंजन कुलथे. आत्मगिरी बुवांचा जुना शिष्य. सकाळी प्रवचन ऐकायचा आणि संध्याकाळी तेच दुसऱ्यांना ऐकवायचा. बायकोबरोबर महिनाभर युरोपला निघाला होता. टॅक्सी मठाच्या दाराशी उभी.

बुवा ओसरीत तांदूळ निवडत होते.

"काय काय घेतलंस?"

प्रभंजनने बॅग पुढे केली. छोटीशी.

"तीन शर्ट, गुंडाळून. घडी घातली की जागा खातात. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी. पैसे दोन ठिकाणी. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. शेजारच्या काकू त्यांच्या भाचीसाठी लोणचं देत होत्या, तोंडावर नाही म्हटलं."

"ब्रश?"

"दांडा अर्धा कापला."

बुवांनी एका बोटाने बॅग उचलली. परत ठेवली.

"शहाणा आहेस. आता आणखी काय कमी करायचंय?"

प्रभंजनने मान अंगणाकडे वळवली.

निंबाखाली बाकावर त्याचे वडील बसले होते. नाना. वैशाखातली दुपार. डोक्याला कानटोपी, गळ्यात मफलर, अंगात दोन स्वेटर. मांडीवर पिशवी.

"महिनाभर त्यांना इथे ठेवून घ्या. घरी एकटे राहायचे नाहीत. विसरतात फार."

"एवढे कपडे का घातलेत?"

"त्यांना वाटतंय, तेही येतायत."

"वाटतंय, का तू सांगितलंस?"

प्रभंजन बॅगेची चेन लावू लागला.

"सांगितलंस."

"घरातून निघेचनात, बुवा! मग काय करणार?"

अंगणातून नानांनी हाक मारली. "प्रभंजन, मला खिडकीपाशी बसव हां! मधे बसवू नकोस, मला गुदमरतं."

"हो नाना!" प्रभंजन ओरडला. आवाजात काही फरक नाही. सराव असणार.

बुवा पुन्हा तांदळाकडे वळले.

"तिकडे तुझं काही बरंवाईट झालं, तर कळवायचं कुणाला?"

"नानांना. बायको तर बरोबरच आहे. टूरवाल्यांकडे नानांचंच नाव दिलंय."

"आणि इथे नानांचं काही झालं, तर?"

प्रभंजनने खिशातून फोन काढला.

"फोन बंद ठेवणार आहे. रोमिंग फार पडतं… आणि तुम्हीच सांगता ना, प्रवासात मनावर ओझं नको."

"मी सांगतो?"

"गेल्या गुरुवारीच सांगितलंत."

बुवांनी सूप बाजूला ठेवलं. उठले. अंगणात गेले, नानांच्या शेजारी बसले. हळूच त्यांची कानटोपी काढली. केस घामाने चिकटले होते. बुवांनी आपल्या खांद्यावरच्या छाटीने ते पुसले.

नानांनी डोळे किलकिले केले. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं.

"पोचलो का?"

बुवांनी कानटोपी झटकून बाकावर ठेवली.

"पोचलो का, महाराज?"

"…पोचलात, नाना."

नानांनी निंबाकडे पाहिलं. दोरीवरच्या धोतरांकडे पाहिलं. पाणी पिणाऱ्या कुत्र्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"बरंचसं आपल्यासारखंच आहे की," ते म्हणाले. "उगाच लोक एवढा खर्च करतात."

मग पिशवी चाचपत त्यांनी विचारलं, "प्रभंजनचं सामान उतरलं का? तो लहानपणी गाडीत विसरायचा."



टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. प्रभंजनचा चेहरा उजळला.

"बघा, किती खूश आहेत! मी उगाच काळजी करत होतो. येतो, बुवा."

तो अंगणात आला. नानांच्या मागून, त्यांना दिसणार नाही असा. बुवांच्या पायाशी वाकला.

बुवांनी पाय वर ओढून घेतले.

"काय झालं, बुवा?"

"काही नाही. तुझा फोन बंद असणार. सरणाच्या लाकडांचे पैसे आत्ताच ठेवून जा."