भाऊबिजेची दोन ताटं

एका गावात एक कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती रोज दोन-तीन गावं पायी फिरायची. आधी ती गाणं म्हणत चालायची, मग नुसतीच चालायला लागली, आणि अलीकडे तर प्रत्येक चढावर गुडघ्यांना शिव्या देत चालायची. तिला एक तट्टू घ्यायचं होतं. पौषातल्या जत्रेत घोडेवाले यायचे, त्यांच्याकडे चांगलं शांत तट्टू चाळीस रुपयांना मिळायचं. सहा वर्षं पोटाला चिमटा घेऊन तिने चाळीस रुपये जमवले होते.

नेमका होळीच्या सुमारास तिचा धाकटा भाऊ आला. तो शेजारच्या गावात रंगारी होता, लोकांची लुगडी रंगवून द्यायचा.

"आक्का, रंगाची कढई तडकली गं. धंदा बंद पडलाय. चाळीस रुपये दे, दसऱ्याला परत करतो."

"नक्की ना रे? पौषात मला तट्टू घ्यायचंय."

"म्हणजे काय! बहिणीचे पैसे बुडवीन का मी?"

बहिणीने पैसे दिले. नवी कढई आली, रंगाऱ्याचा धंदा जोरात चालला. दसरा उजाडला. भावाने सोनं म्हणून आपट्याची पानं हातावर ठेवली, पाया पडला, दोन वाट्या बासुंदी प्यायला आणि पैशांबद्दल चकार शब्द न काढता घरी गेला. कासारणीच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण सणासुदीला कसं विचारायचं म्हणून तिने गिळलं.

भाऊबिजेला सगळे नातेवाईक जमले. कासारणीने भावाला ओवाळलं. त्याने एकेक करत, चांगले वाजवून, दहा रुपये ताटात टाकले.

"भाऊ असावा तर असा!" म्हाताऱ्या आत्याबाई म्हणाल्या.

कासारणीला भरून आलं. तिने भावजयीचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरले, फुकट. वर लाडवांचा डबा बांधून दिला.

पौष लागला, तशी ती पैसे आणायला भावाकडे गेली.

"चाळीस कुठले, आक्का? दहा तर दिले की," भाऊ म्हणाला.

"कधी दिलेस?"

"भाऊबिजेला. सगळ्यांसमोर ताटात टाकले. आत्याला विचार."

"अरे, ती ओवाळणी होती!"

"पण पैसे तुझ्याकडेच आले ना? शिवाय उन्हाळ्यात आंब्यांची पाटी पाठवली होती. तिचा दीड रुपया धर. बाकीचे देतो की, मी काय पळून चाललोय?"

कासारीण इतकी चिडली की घरी परतताना आपल्याच गावाचा फाटा चुकून पुढे गेली. ते दहा रुपये उसन्यातले म्हणावेत, तर भावाने ओवाळणी घातलीच नाही. ओवाळणी म्हणावी, तर त्याने एक पैही फेडली नाही. आणि आंबे! त्यातले निम्मे तर आंबट होते.

जत्रा झाली. तिने मनात धरलेलं तांबूस तट्टू एका तेल्याने नेलं. पुढचं वर्षभर ती टोपली घेऊन पायीच फिरली. भाऊ भेटला की "देतो की" म्हणायचा. तिने दोघा-तिघा नातेवाइकांजवळ गाऱ्हाणं केलं, तर तेच तिला म्हणाले, "सख्ख्या भावाकडे काय तगादा लावतेस? शोभतं का?" तुझ्या तट्टूचं काय झालं, असं मात्र एकानेही विचारलं नाही.

पुन्हा भाऊबीज आली. पुन्हा सगळे जमले. कासारीण भिंतीला धरून कशीबशी उठली आणि आतून दोन ताटं घेऊन आली. एकात निरांजन, कुंकू, अक्षता. दुसरं लख्ख घासलेलं, पण रिकामं; ते तिने भावासमोर ठेवलं.

"आक्का, हे दुसरं कशाला?"

"पहिल्यात ओवाळणी टाकायची, दुसऱ्यात उसने घेतलेले. मागच्या वर्षी एकाच ताटामुळे तुझा घोटाळा झाला होता ना."

"कसले उसने?" आत्याबाईंनी विचारलं.

मग कासारणीने सगळं सांगितलं, कढईपासून आंब्यांपर्यंत. या वेळी तिने काहीच गिळलं नाही.

भावाच्या मुठीत पंधरा रुपये होते. ते निरांजनाच्या ताटात टाकले असते, तर गेल्या वर्षीसारखी वाहवा झाली असती. त्याने तिकडे हात नेलासुद्धा. मग त्याला बहीण दिसली, एका हाताने ताट धरलेली आणि दुसऱ्या हाताने गुडघा दाबत उभी राहिलेली.

"अरे, टाक काय ते. वात विझेल," आत्याबाई करवादल्या.

त्याने पंधराच्या पंधरा रुपये रिकाम्या ताटात टाकले. ओवाळणीला काही उरलं नाही. शेवटी त्याने कमरेची चंची सोडली, एक सुपारी काढली आणि मान खाली घालून निरांजनाशेजारी ठेवली.

"मागचे दहा मी उसन्यात धरते," कासारीण म्हणाली. "म्हणजे दोन वर्षांतली ही तुझी पहिली ओवाळणी. आता पंधरा राहिले." आणि तिने त्याला ओवाळलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी भाऊ स्वतः तिच्या दारात आला. त्याने पंचवीस रुपये मोजून दिले.

"पंधराच राहिले होते रे," ती म्हणाली.

"नाही, आक्का. ते दहा ओवाळणीचे होते. ओवाळणीचेच राहू देत."

आंब्यांचा विषय त्याने काढला नाही. दुसऱ्या दिवशी जत्रेतून तट्टूचा लगाम धरून यायलाही तोच तिच्यासोबत होता. चढ लागला तेव्हा कासारीण तट्टूवर बसली आणि कितीतरी दिवसांनी गाणं म्हणू लागली.

तात्पर्य: उसने घेतलेले पैसे उसने म्हणूनच फेडावेत, माया म्हणून मिरवू नयेत. आणि ज्याचे पैसे अडकलेत त्यानेही नात्याच्या भिडेपोटी मनातलं गिळत बसू नये, सरळ दुसरं ताट मांडावं.