घंटांचे झाड

विषय: बंद पडलेली विमानसेवा पुन्हा सुरू करण्याबाबत.
संदर्भ: एक विमान कोसळणे, आणि पाठोपाठ विमानमंडळीच्या, म्हणजे विमान कंपनीच्या, हिश्शांचे (शेअरचे) भाव त्याहून वेगाने कोसळणे.

एका डोंगराळ राज्यात मल्लाप्पाशेट नावाचा कापडव्यापारी होता. डोंगरापलीकडे जायला तिथे दोन वाटा होत्या: एक घाटातली, दुसरी आभाळातली. विमान सुरू झाले तेव्हा शेट पहिल्याच खेपेला बसला. पायाखालून ढग जाताना पाहून त्याने हात जोडले. उतरल्यावर विमान चालवणाऱ्या मंडळीचे हिस्सेही विकत घेतले.

कित्येक वर्षांनी एक विमान पडले. राजवाड्यावरचा नगारा वाजला, सारे नगर रडले. दुसऱ्या दिवशी शेट भर बाजारात ओरडला, "माझे हिस्से घ्या! येईल त्या भावात घ्या!" एवढा शहाणा माणूस विकतोय म्हटल्यावर सगळ्यांनीच विकले. मंडळीला कुलूप लागले. लोक निर्धास्तपणे घाटातून जाऊ लागले.

पुढे शेटची मुलगी सुंद्रा डोंगरापलीकडे, सासरी, गरोदर राहिली. सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायला शेट बैलगाडीने निघाला. घाटातल्या सर्वांत अवघड वळणावर एक प्रचंड वड होता. त्याच्या फांदीफांदीला घंटा लटकत होत्या. वारा सुटला आणि अख्खा डोंगर वाजू लागला. शेटच्या अंगावर काटा आला. असा नाद त्याने कुठल्याच देवळात ऐकला नव्हता.

"कुठला देव रे हा?"

"देव न्हाई, शेटजी," येसू गाडीवान म्हणाला. "हितनं गाडी दरीत गेली, की बैलांच्या गळ्यातल्या घंटा आम्ही हुडकून आणून बांधतो."

"आणि माणसांचं काय?"

"माणसाच्या गळ्यात घंटा कुठं असती?"

"मग नगारा कसा वाजत नाही?"

"एका गाडीत माणसं दोन न्हाईतर तीन. तेवढ्यासाठी राजाची झोप कोण मोडणार?"

शेट मुलीला भेटला. पण तिला त्या वळणावरून आणायची त्याची छाती होईना. तो एकटाच परतला आणि विमानसेवा पुन्हा सुरू करण्याचा अर्ज घेऊन थेट दिवाणांपुढे उभा राहिला.

"सेवा बंद का पडली?" दिवाणांनी विचारले.

पडलेल्या विमानाकडे बोट दाखवणे सोपे होते. शेट म्हणाला, "विमान वाऱ्यानं पाडलं, दिवाणजी. सेवा मी पाडली. बाजारात ओरडून."

"तसं अर्जात लिहून द्या."

शेटने सहीनिशी लिहून दिले.

सुंद्रा अजून सासरीच आहे. तिला आठवा लागला आहे. अर्ज विचाराधीन आहे.

तात्पर्य: नगारा वाजवून येणाऱ्या मरणाला भिऊन मुकाट्याने येणाऱ्या मरणाच्या वाटेला जाऊ नये, आणि आपली भीती बाजारात मांडण्याआधी ती घरी एकदा तोलून पाहावी.