तीन माठांचं पाणी

“मग लोकांना द्यायचं ना, महाराज?”

उद्धवने पुन्हा विचारलं.

केवळनाथ महाराज मठाच्या ओट्यावरून नदीकडे बघत होते. पाणी तांबूस झालं होतं. वरच्या अंगाला कुणीतरी रसायनाची पिंपं धुतली होती. सकाळपासून काठाला मासे उताणे पडले होते.

वस्तीची विहीर आटलेली. टेकडीपलीकडचा झरा लांब, वाट घसरणीची. म्हणून उद्धवने हा खटाटोप मांडला होता. नदीच्या पाण्यात निवळीची बी उगाळून गाळ खाली बसवायचा, मग ते पाणी एकावर एक रचलेल्या माठांत ओतायचं. वरच्यात खडी, मधल्यात वाळू, त्याखालच्यात बाभळीचा कोळसा. तळाच्या हंड्यात थेंब थेंब पाणी उतरत होतं.

“काचेसारखं झालंय,” उद्धव म्हणाला. “रंग गेला. वासही गेला.”

“आणि ज्याला रंग नाही, वास नाही, ते विष?”

उद्धवने हंड्यात डोकावून पाहिलं.

महाराजांनी पेला भरून त्याच्यापुढे ठेवला.

उद्धवने तो उचलला, ओठांपर्यंत नेला. काठावरच्या मेलेल्या माशांचे पांढरे पडलेले डोळे त्याला दिसू लागले. घशाला कोरड पडली होती, तरी घोट घ्यायचा धीर होईना. त्याने पेला हलकेच खाली ठेवला.

“तहान नाही मला,” तो पुटपुटला.

महाराजांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात गिरिजा कळशी घेऊन आली. वस्तीतलीच. तिच्या लेकीला ताप होता.

“दादा, तुमचं पाणी झालं म्हणे. पोर कासावीस झालीय. मागून बाकीच्याही येताहेत.”

उद्धवने महाराजांकडे पाहिलं. डोळे मिटलेलेच.

गिरिजाने हंड्यात तांब्या बुडवला. पाणी खरोखरच सुरेख दिसत होतं. नुसतं गप्प बसलं तरी भागणार होतं...

उद्धवने तिचं मनगट धरलं.

“नको, वहिनी.”

“का? चांगलं निवळलंय की.”

“निवळलंय. पण चांगलं आहे का, ते मला ठाऊक नाही.” त्याने तिचं मनगट सोडलं. “मलाच प्यायची भीती वाटली.”

गिरिजा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तांब्या हंड्यात रिकामा केला.

“मग पोरीला काय पाजू?”

उद्धवने कोपऱ्यातली कावड खांद्यावर घेतली आणि टेकडीची वाट धरली.

दिवस मावळता मावळता तो परतला. गुडघे सोललेले, एक घागर वाटेत फुटलेली. उरलेलं पाणी उकळून त्याने वस्तीत घरोघर थोडं थोडं पोचवलं. गिरिजाची लेक पाणी प्याली आणि झोपी गेली.

मग तो मठात महाराजांपुढे येऊन बसला.

“महाराज, मी तिला अडवलं नसतं तर... सारखं तेच दिसतंय.” त्याने पायांवर डोकं ठेवलं. “वाळूने गढूळपणा जातो, कोळशाने वास जातो. ही भीती कशाने गाळू?”

महाराजांनी त्याला उठवून बसवलं.

“ती राहू दे, उद्धव. आज तिनेच वस्तीला वाचवलं. गाळायला दुसरं पुष्कळ आहे.”