कोंबड्याचं लुगडं

वडाखाली पाखरांची नाटकं रंगायची, ते दिवसच वेगळे होते. नाटकमंडळीत सगळे नरच. आईचं काम तुरेवाला कोंबडा लुगडं नेसून करायचा आणि सगळं रान डोळे पुसायचं.

एकदा गवरी कोंबडीने काम मागितलं. मंडळीचा मालक मोर म्हणाला, “बायकांना घ्यायचं नाही, हा आपला नियम आहे.”

त्याच संध्याकाळी भर प्रयोगात खरीखुरी घार झेपावली. कोंबडा आईच्या आवाजात हाका मारत राहिला, पण पुढे बसलेलं एकही पिल्लू त्याच्याकडे गेलं नाही. मागून गवरीने एकदाच हाक दिली आणि सगळी तिच्या पंखांखाली शिरली.

घार गेल्यावर कोंबड्याने लुगडं सोडून गवरीपुढे ठेवलं.

“मालक, इतकी वर्षं मी हिचीच नक्कल करत होतो. आता मला मंडळीत ठेवायचं का, ते हिलाच विचारा.”