उशिरा आलेला आकडा

“…आणि उशिरा आलेल्या एका आकड्यासाठी मी माझा शब्द का फिरवू, स्वामीजी?”

शाल्मली टिकेकर आशीर्वाद मागायला आली होती, पण सूर भांडणाचा होता. मठाच्या ओसरीवर बसलेली चार माणसं माना वळवून बघू लागली.

स्वामीजी संन्यास घेण्याआधी इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवत. ती त्यांची तेव्हाची विद्यार्थिनी.

“मला नीट कळलं का, कुणास ठाऊक,” ते म्हणाले. “पुन्हा सांग.”

तिने सांगितलं. आधी ती डेटाबेस बांधायची. मग वाहत्या आकड्यांचा चालता चालता हिशोब करणाऱ्या यंत्रणा. आता प्रॉडक्ट मॅनेजर झाली होती. नदीकाठच्या गावांना पुराचा इशारा देणारी तिची यंत्रणा उद्या सुरू व्हायची होती. वरच्या खोऱ्यातून पाण्याची पातळी येत राहते. ठरलेला वेळ थांबायचं, मग दार लावायचं, म्हणजे नवे आकडे घेणं बंद, आणि गावाला सांगायचं, धोका आहे की नाही.

“दार लावल्यावर आलेला आकडा?”

“फेकून द्यायचा. माझा नियम आहे तो. परवा चाचणीत असा एक आला, तर टीममधला एक शहाणा म्हणतो, तोही घ्या आणि गावाला सांगितलेलं बदला. आत्ता ‘धोका नाही’, घटकेनं ‘धोका आहे’… कोण ऐकेल आमचं? एकदा बोललं की बोललं. तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं खरं.”

स्वामीजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझा नियम बरोबर आहे. जा.”

ती ताठ मानेनं उठली. अंगणात उतरून चपला पायांत सरकवल्या.

“शाल्मली… तो परवाचा आकडा कुठला होता गं?”

“डोंगरातल्या एका ओढ्यावरचा. पाऊस लागला की तिथली रेंज जाते, म्हणून आकडा उशिरा पोचतो.”

“काय म्हणत होता?”

ती चपलेचा पट्टा ओढत राहिली.

“पाणी चढलंय.”

स्वामीजी खांबाला धरून उठले. अनवाणी अंगणात आले. तिच्या डोक्यावर पुन्हा हात ठेवला आणि पाटी पुसावी तसा फिरवला.

“आशीर्वाद परत घेतला. नियम चूक आहे.”

ओसरीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. “वय झालं हो स्वामीजींचं,” ओसरीवरच्या चौघांतले केशवराव शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

शाल्मलीचा चेहरा लाल झाला. “आत्ता तुम्ही ‘बरोबर’ म्हणालात! चार लोकांसमोर!”

“म्हणालो.”

“मग खरं कुठलं धरायचं?”

“नंतरचं.”

“आणि पुन्हा काही नवं कळलं तर?”

“पुन्हा फिरवीन.”

“स्वामीजी, लोक हसताहेत तुम्हाला!”

स्वामीजी ओसरीची पायरी चढू लागले.

“हसायला माणसं उरली तर पाहिजेत.”