आधी दात, मग अंगठा

बापाचा अंगठा शाईत बुडणार, एवढ्यात येसूने शाईची वाटीच उचलली.

येसूचा बाप बैलांचा दलाल. गुडघे गेल्यामुळे तो त्र्यंबकशेटच्या ‘विसाव्या’त राहायला निघाला होता. म्हाताऱ्यांनी शेत शेटच्या नावावर करायचं आणि मरेपर्यंत फुकट खाऊनपिऊन राहायचं, असा करार. अटी मात्र अंगठा दिल्यावरच सांगायच्या. शेजारच्या धोंडिबाकाकांना त्या कळल्या, तेव्हा शेत गेलं होतं. भाकरी मिळेल, पण दात असतील त्यालाच. औषध मिळेल, पण ठणठणीत असेल त्यालाच.

येसू तडक राजाकडे गेली. कराराला मंजुरी त्यानेच दिली होती आणि दिलेला शब्द मागे घेणं त्याला फार कमीपणाचं वाटे. तो म्हणाला, “उद्या बैलबाजारात हा करार चूक आहे, असं माझ्याच तोंडून वदवून घे. पण कराराबद्दल तू चकार शब्द काढायचा नाहीस. जमलं नाही, तर तुझ्या बापाचा अंगठा शेटला.”

दुसऱ्या दिवशी राजा शेटला घेऊन बाजारात आला. बैलांची पारख आपल्यालाच, असा राजाचा तोरा. येसूने नाकापासून शेपटीपर्यंत घोंगडीने झाकलेला बैल आणला. बैल जरा लंगडत होता. दलालांच्या रीतीप्रमाणे तिने उपरण्याखाली बोटं धरून राजाशी भाव ठरवला.

“आता अंगठा द्या, महाराज.”

“आधी दात दाखव.”

“दात अंगठ्यानंतर.”

राजा भडकला. “अगं, बाजारात भाव झाकतात, बैल नाही! माल न दाखवता अंगठा मागणारा लबाड. त्याला हाकलून द्या!”

“कुणीही असला तरी?”

“माझा सख्खा मेहुणा असला तरी.”

एवढ्यात बैल खोकला.

घोंगडी घसरली. पुढे वाकलेले धोंडिबाकाका, मागे विसाव्यातले आणखी एक आजोबा. काकांनी आ वासला. आत एकही दात नव्हता.

“बघून घ्या, महाराज. म्हणून आम्हाला भाकरी नाही.”

राजाने शेटकडे पाहिलं. शेट गर्दीतून काढता पाय घेत होता. शिपायांनी त्याला धरून आणलं. राजाने तिथेच हुकूम सोडला: अंगठ्याआधी सगळ्या अटींची गावभर दवंडी पिटायची, घेतलेली शेतं परत करायची आणि विसाव्यातल्या म्हाताऱ्यांना शेटने रोज स्वतःच्या हाताने दूधभाकरी कुस्करून द्यायची.

“आणि तू, पोरी, माझ्या बैलांतली हवी ती जोडी घेऊन जा.”

येसूने सरळ जाऊन पहिल्या बैलाचा जबडा उघडला.

“काय गं, माझ्यावर विश्वास नाही?”

“आहे की. म्हणून तर तुमचे नाही बघितले.”

राजा असा हसला, की त्याच्या दाढा सगळ्या बाजाराला दिसल्या.